सगळ्या अळ्या एकदम

हेडमास्तरांनी बूट काढले, आत एक पाऊल टाकलं आणि तेच पाऊल मागे घेतलं. खोलीभर रेशमाच्या अळ्या चालत होत्या.

"या, या!" मुलीचे बाबा म्हणाले. ओंजळ अळ्यांनी भरल्यामुळे त्यांना नमस्कारही करता येईना.

मुलीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. लग्नाला मुलगा कधीचा तयार होता. अडलं होतं ते त्याच्या वडिलांच्या होकारावर, आणि वडील म्हणजे हेच हेडमास्तर; त्यांना म्हणे किड्यांच्या नुसत्या नावाने शिसारी येई.

एरवी अळ्या तीन-चार दिवस रमतगमत पिकतात, म्हणजे कोष करायला तयार होतात. यंदा बाबांनी नवं औषध आणलं होतं. पानांवर शिंपडलं की सगळ्या एकाच दिवशी कोष करायला बसणार, कोषही भरदार. आज पाहुणे आणि उद्या अळ्या, असा चोख बेत होता. पण बाबांचा हात सढळ. त्यांनी औषध दुप्पट घातलं. आता एक दिवस आधीच वीस हजार अळ्या माना वर करून जागा शोधत होत्या. कोष करायच्या बांबूच्या चटया केव्हाच भरल्या होत्या. आईने टोपल्या दिल्या, चाळण्या दिल्या, शेवटी झाडूसुद्धा.

"ही काय बसवायची पद्धत झाली?" हेडमास्तर कडाडले. "एकीवर एक! मध्ये अंतर नको?"

त्यांनी कोट खुंटीला अडकवला, बाह्या सारल्या आणि नाक मुरडत, दोन बोटांच्या चिमटीत पहिली अळी उचलली. मग चार. मग मूठभर. दुपार कलली तेव्हा घरात सगळ्या अळ्या जागच्या जागी बसल्या होत्या.

"चाळीस वर्षांत इतका शांत वर्ग पाहिला नाही," ते घाम पुसत म्हणाले आणि निघायला म्हणून कोटाकडे वळले.

"हात लावू नका!" मुलगी ओरडली आणि लगेच तिने जीभ चावली.

कॉलर आणि बाही यांच्यामध्ये एका अळीने पहिले धागे ताणले होते.

"हलवलं तर कोष बिघडेल," ती पुटपुटली.

"किती वेळ?"

"तीन दिवस."

हेडमास्तरांनी कोटाकडे एकदा पाहिलं. मग खाटेवर ऐसपैस बसले.

"माझ्या घरी फोन लावा," ते म्हणाले. "मुलाच्या आईला म्हणावं, माझा कोट इथे अडकलाय. सून बघायला तूच ये."