चार ठिपके

“खरा निघाला ना काका, तर मी तो बड्या तलावात फेकून येईन,” अलका म्हणाली आणि कॅमेरा टेबलावर ठेवून दूर सरकली.

सुधाकर खानझोडेंनी चष्मा पुसला. पिपलानीच्या कारखाना-वसाहतीत कोणाचाही जुना कॅमेरा बिघडला, की तो त्यांच्याकडेच यायचा. पण असं गिऱ्हाईक त्यांना आजवर भेटलं नव्हतं. लोक येतात ते आपली वस्तू अस्सल निघावी म्हणून. ही बाई नकली निघावी म्हणून हात जोडून बसली होती.

कॅमेऱ्याच्या माथ्यावर नाझी फौजेचा गरुड कोरलेला होता, पंजात तिरकं स्वस्तिक धरलेला. त्रेचाळीस वर्षांपूर्वी कारखान्यात आलेल्या एका इंग्रज साहेबाकडे असाच जर्मन कॅमेरा होता. त्याच्या बापाने महायुद्धातून उचलून आणलेला. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी टूलरूममधून तो नाहीसा झाला. आदल्याच दिवशी अलकाच्या वडिलांनी, गोविंदरावांनी, तो साफ करून दिला होता. सुधाकररावही त्याच टूलरूममध्ये होते, पण संशय गोविंदरावांवर गेला. शाबीत काही झालं नाही. तरी त्यांची टूलरूम सुटली ती सुटलीच. क्वार्टरच्या ओळीत त्यांच्या बायकोला, मालतीबाईंना, हळदीकुंकवाचं बोलावणं येईनासं झालं. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?

गोविंदराव महिन्यापूर्वी गेले. काल अलकाने त्यांची पेटी उघडली, तर तळाशी हा कॅमेरा.

“आई कालपासून देव पाण्यात ठेवून बसलीये,” अलका म्हणाली. “जेवलीसुद्धा नाही. म्हणते, चोर निघाले तरी चालेल, पण एकदाचं कळू दे. चालेल कसं, काका? मला नाही चालणार.”

सुधाकररावांना पाहताक्षणीच कळलं होतं. तरी त्यांनी घाई केली नाही. डोळ्याला भिंग लावलं. लेन्स फिरवून काढली. जर्मन कॅमेऱ्यात त्या जागी एक बारीकसं गोल चाक असतं. इथे चपटी पट्टी होती.

“रशियन आहे,” ते म्हणाले. “वरचा गरुड मागाहून कोरलाय. असे कितीतरी फिरतात बाजारात.”

“पक्का?”

“पक्का. आणि कोरला कोणी, तेही सांगतो. हे बघ.”

त्यांनी भिंग तिच्या हातात दिलं. स्वस्तिकाच्या चार घरांत चार ठिपके होते. टाचणीच्या टोकाएवढे.

“जर्मन माणूस कशाला ठिपके देईल? हा तुझ्या बाबाचा हात. जन्मभर दसऱ्याला मशीनवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेला. रेघा झाल्या, की ठिपके आपोआप पडतात. साहेबाच्या टेबलावर हा गुपचूप ठेवून द्यायचा असेल त्याला, म्हणजे बोभाटा मिटेल. मग ठिपके दिसले असतील. कुंकू पुसता येतं, पितळेवर कोरलेलं कसं पुसणार?”

अलका रडायला लागली आणि रडतारडता हसली. “काय हे बाबा! नकलीसुद्धा धड जमलं नाही तुम्हाला!” तिने डोळे पुसले, सुधाकररावांच्या पाया पडली आणि तिथूनच आईला फोन लावला. स्पीकर सुरू करून फोन टेबलावर ठेवला.

मालतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“भाऊजी, तुम्ही बघितलंत ना? मग झालं,” त्या म्हणाल्या. “सगळ्यांनी आमचा उंबरा सोडला, तुम्ही तेवढे येत राहिलात. एक दिवाळी चुकवली नाहीत. हे जाईपर्यंत म्हणत होते, सुधाकरचा आहे बरं माझ्यावर भरवसा.”

अलकाने पाण्याचा पेला पुढे केला, तो सुधाकररावांनी घेतला नाही. आता गप्प बसलं की सगळं सुखाने मिटत होतं. पोरीचं, तिच्या आईचं, त्यांचंही.

“एवढंच सांगा भाऊजी,” मालतीबाईंचा आवाज आला. “उद्या ओळीतल्या बायका विचारतील, तो नाही तर मग साहेबाचा कॅमेरा गेला कुठे? मी काय सांगू त्यांना?”

अलकाही आता त्यांच्याकडेच बघत होती. सुधाकरराव फोनजवळ वाकले.

“सांगा वहिनी,” ते म्हणाले, “सुधाकरच्या कपाटात आहे.”