खिशातली किल्ली

टॉवरचा मेन स्विच बंद करून धोंडिरामने त्याला कुलूप लावले, किल्ली खिशात घातली आणि तो वर चढला. वर माणूस असताना खाली कुणी चुकून वीज सुरू करू नये, म्हणून हा नियम.

टॉवर बंद झाला की वाडीतल्या म्हाताऱ्यांची आठवण जाई. त्यांच्या डोक्यात बसवलेल्या चिप त्याच्यावरच चालत. तेवढा वेळ घरातले कुणीतरी त्यांचा हात धरून बसे आणि आपण कोण ते सांगत राही. धोंडिरामची आई टॉवरखालच्याच अंगणात सुनेपाशी बसली होती. सकाळपासून तिला बरे नव्हते. काम उद्यावर ढकलता आले असते.

अँटेनाचे नट निम्मे सुटले होते, तेवढ्यात बायकोची हाक आली.

"अवं, आत्यांचा जीव घाबरा झालाय! मला ओळखंनात. किल्ली टाका खाली, मी चालू करते!"

"मी हितं असताना? भाजून निघंन की, सखू! आलोच!"

बेल्टचा एक हूक सोडायचा, खाली अडकवायचा, मगच दुसरा सोडायचा. शिकवले होते तसाच तो उतरला. कुलूप काढून त्याने स्विच लावला आणि अंगणात धावला. आईचे डोळे मिटले होते, श्वास थांबला होता.

"माझं नाव घेतलं का गं?"

सखूने नाही म्हणून मान हलवली.

"वर बघत व्हत्या. म्हणाल्या, कुणाचं पोर हाय ते? त्याच्या आईला सांगा जा, लई उंच चढलंय."