देवाचं पित्त

सासूबाई वाटीतलं दही देवावर ओतणार, तोच कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या आमच्या ह्यांनी त्यांचा हात धरला. देव म्हणजे ह्यांनीच वाघोलीच्या खाणीतून आणलेला काळा दगड. त्याच्या पोकळीतले शुभ्र स्फटिक पाहून सासूबाईंनी तो थेट देव्हाऱ्यात बसवला होता. रोजच्या पंचामृताने त्या स्फटिकांची चमक मात्र उतरत चालली होती.

“आई, हे कॅल्साइट आहे. आंबट लागलं की विरघळतं. हे बघ.” ह्यांनी कडेच्या स्फटिकावर लिंबू पिळलं. बारीक बुडबुडे फसफसले.

सासूबाई वाकून बघत राहिल्या. “अगं बाई, पित्त आहे की रे याला. मलाही दही असंच बाधतं. मग न्हाऊ कसं घालायचं?”

“घालायचंच नाही. कोरड्या, मऊ ब्रशने नुसती धूळ झटकायची. त्यापेक्षा मी कॉलेजातच नेतो ना.”

“दुखणाईताला घराबाहेर काढतोस होय?”



दुसऱ्या दिवशी सकाळी हे दाढीचा ब्रश शोधत घरभर फिरले. आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं; मी पदर तोंडाशी धरून देव्हाऱ्याकडे बोट दाखवलं.