शेवटचं प्रकरण

"बाई, मला शेवट अजिबात नाही आवडला," नवी म्हणाली, आणि सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघायला लागला.

मागच्या बाकावर मुख्याध्यापक बसले होते. इंग्रजीला पुढच्या वर्षी कोणतं पुस्तक लावायचं, हे यंदा मुलांची मतं ऐकून ठरणार होतं. बाई शिकवतात ती कादंबरी आता जुनी झाली, एखादं हलकंफुलकं लावू, असं मुख्याध्यापकांच्या मनात होतं. बाईंचा जीव टांगणीला लागला होता. ही कादंबरी त्यांनी इतकी वर्षं शिकवली होती की घरची माणसं जेवताना त्यांना कथानायकाची खुशाली विचारत.

तोवर सगळं सुरळीत चाललं होतं. एकेक मूल उठत होतं आणि सांगत होतं, की बापाशी भांडून गेलेला मुलगा कित्येक वर्षांनी परत येतो, दारावर हात ठेवतो आणि लेखक तिथेच थांबतो. दार उघडेल की नाही, हे आपल्यावर सोडतो. हे मला फार भावलं. शब्द जरा इकडचे तिकडे व्हायचे, पण भावायचं मात्र सगळ्यांना सारखंच. बाई कौतुकाने मान डोलवत होत्या. मग ही नवी उठली. याच वर्षी दुसऱ्या शाळेतून आलेली, म्हणून तिचं नावच नवी पडलं होतं.

"का गं नाही आवडला?" बाईंनी हसून विचारलं. हसू तोंडदेखलंच होतं.

"उगाच गोड केलाय. बाप दार उघडतो, दोघं रडतात, शेजारीपाजारी जमतात, आणि लगेच पुढच्या पानावर मुलाचं लग्नपण लागतं! असं कुठे असतं का?"

वर्ग खो खो हसला. मुख्याध्यापकही हसले. बाईंना हायसं वाटलं.

"बाळ, पुस्तक न वाचता मत द्यायचं नसतं. बस खाली."

नवीचे कान लाल झाले. ती बसली. मुख्याध्यापक मात्र बाकीच्या मुलांची मतं ऐकून भलतेच खूश होते. पुस्तक राहणार, हे त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं. शिवाय या जीर्ण प्रती रद्दीत घालू, परीक्षेआधी सगळ्यांच्या हातात नव्या कोऱ्या प्रती पडतील, असंही सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी नवीने शिक्षकांच्या खोलीत येऊन बाईंच्या टेबलावर आपल्या मावशीची प्रत ठेवली. बाईंनी पुस्तक मागून उघडलं. दारावरच्या हातानंतर आणखी एक अख्खं प्रकरण होतं. बाप, रडारड, शेजारी, लग्न.

त्यांनी शाळेची प्रत शेजारी धरली आणि मग त्यांना उलगडा झाला. पुस्तकं लवकर फाटू नयेत म्हणून शाळेने या प्रती नव्या असतानाच बाइंडरकडे दिल्या होत्या. जाड पुठ्ठे बसले, पण शेवटची पानं त्याच्याकडेच राहिली. आदलं प्रकरण नेमकं पानाच्या तळाशी संपत होतं, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. बाइंडरचा गलथानपणा बाईंनी आजवर लेखकाची प्रतिभा म्हणून शिकवला होता. त्यात ते शेवटचं प्रकरण खरोखरच भिकार होतं. पोरगी दोन्हीकडून खरी ठरली होती.

वर्गात सांगायला हवं होतं. तिची माफी मागायला हवी होती. बाईंची जीभ रेटेना. त्यांनी पुस्तक तिच्या हातात परत दिलं आणि म्हणाल्या, "बघितलं हं."

नव्या प्रती आल्या. "पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा वाचा," बाई म्हणाल्या, कारण परीक्षेआधी असंच म्हणतात. मग त्या धास्तावून बसल्या. कुणाचा हात वर गेला की त्या हातातलं पुस्तक मिटायच्या. हात असायचा पाणी प्यायला जाऊ का, यासाठी. हळूहळू धास्ती ओसरली आणि त्यांचं लक्ष बाकांवरच्या प्रतींकडे जाऊ लागलं. शेवटची पानं कडांना अजून एकमेकांना चिकटलेलीच होती, कुणी ती उघडलीच नव्हती. पुढे पुढे तर कुणीतरी विचारावं, असंच त्यांना वाटायला लागलं. होऊ दे फजिती, पण एकाने तरी विचारावं. न राहवून त्यांनी स्वतःच विषय काढला.

"शेवटाबद्दल कुणाला काही विचारायचंय?"

"परीक्षेत येणार का, बाई?" एकाने विचारलं.

"येणार."

आला. पेपर बाईंनीच काढला होता. तुम्हाला शेवट कसा वाटला, ते कारणासह लिहा. त्या उत्तरपत्रिका तपासायला बसल्या. लेखक दार बंदच ठेवतो, हे मला फार भावलं. पुढचीतही तेच. त्याच्या पुढचीतही तेच. आता कुणाला कधीच काही कळणार नव्हतं. अब्रू वाचली होती, आणि बाईंना रडू येत होतं. नवीचा पेपर त्यांनी मुद्दाम गठ्ठ्याच्या तळाशी ठेवला होता. एक तरी खरं उत्तर वाचायला मिळेल, तिला पैकीच्या पैकी गुण द्यायचे आणि मग वर्गासमोर सगळं कबूल करायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. त्यांनी डोळे पुसले आणि तो पेपर उघडला. लेखक दार बंदच ठेवतो, हे मला फार भावलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तिला बाहेर बोलावलं.

"अगं, तू तर शेवट वाचला होतास ना?"

"वाचला होता ना, बाई," नवी म्हणाली. "पण मला पास व्हायचं होतं."