कोरडा कोपरा

"हे वर पहिलं नाव कुणाचं?" अध्यक्षीणबाईंनी यादी हातभर लांब धरून विचारलं.

"तुमचंच, काकू," पाणी समितीचा सचिव म्हणाला. "अध्यक्ष गेले त्याला महिना झाला. पाटाचं पहिलं पाणी आता कायम तुमच्या रानाला. त्यांच्या मानाखातर. सगळ्यांच्या सह्या आहेत."

"घे आई," थोरला मुलगा म्हणाला. "गव्हाने माना टाकल्यात."

बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. नवरा बावीस वर्षं समितीचा अध्यक्ष होता. रान पाटाच्या पार शेपटाला, म्हणून पाण्याची पाळी शेवटची. ती त्याने कधी वर सरकवली नाही. त्यातही कुणी तोंड पाडून आलं, माझे चार वाफे राहिले म्हणालं, की हा आपल्या पाळीतलं पाणी त्याला वरच घेऊ द्यायचा. "घ्या, माझं भिजलं," म्हणायचा. आणि बांधाकडचा कोपरा कोरडा ठणठणीत.

"गावाला तुमचा पुळका आणि मला हा कोपरा," बाई ऐकवायच्या. तो हसून चपलांचा चिखल झटकायचा. त्या कोपऱ्यात ओंबी कधी भरली नाही.

आता तर सबंध रान पिवळं पडत होतं. पाच दिवसांत पाणी मिळालं नाही तर वर्षाचं धान्य गेलं.

"पेन दे," बाई म्हणाल्या. त्यांनी वरच्या नावावर काट मारली. मग तळाशी नवऱ्याचं नाव एकेक अक्षर जुळवत लिहिलं. "मी त्यांना जन्मभर घालूनपाडून बोलले. तो माझा हक्क. पण त्यांची जागा कुणी हलवायची नाही."

मुलगा पाय आपटत निघून गेला.

त्यांची पाळी चौथ्या दिवशी, दुपारी चार वाजता. त्या दिवशी बाई एक वाजता जेवायला बसल्या, तोच मुलगा धापा टाकत आला. "आई, रानात पाणी आलंय."

"पाट फुटला असेल कुठंतरी. वेंधळे सगळे."

हात धुऊन त्या पाटाच्या कडेने वर निघाल्या. पाट कुठं फुटला नव्हता. रानात पाणी वळवायची अकरा शेतकऱ्यांची अकरा दारं, सगळी चिखलाने नीट बुजवलेली. पहिल्याच दारापाशी शेजारी फावडं पुसत बसला होता.

"तुझ्याकडे चारपर्यंत पाणी होतं ना रे? दार का बुजवलंस?"

त्याने मान वर केली नाही. "माझं भिजलं, काकू."

त्याच्या पाठीमागे दोन वाफे कोरडे होते. बाईंनी ते पाहिले. पुढच्याच्या रानात पाहिलं. तिथंही दोन. त्याच्या पुढंही.

बाई माघारी आल्या. पदराने डोळे पुसले आणि मुलाच्या हातातलं फावडं कोपऱ्याच्या दिशेला वळवलं.

"आधी तिकडं सोड. बावीस वर्षं थांबलाय तो."