अपील केल्याशिवाय

सॉफ्टबॉलच्या सामन्यात ऐन शेवटच्या डावात थर्ड बेसची थैली फाटली आणि आतली वाळू भसकन बाहेर आली. पंच अर्जुनरावांनी खेळ थांबवला आणि दुसरी थैली आणायला ते स्वतःच निघाले.

मैदानाच्या कडेला बाभळीखाली वाळूच्या जादा थैल्या ठेवल्या होत्या. दुष्काळी कामावरून सुटलेल्या बायाही टोपल्या-कुदळी टाकून तिथंच सावलीला टेकल्या होत्या. त्यांत नांदेडकडून खेळणाऱ्या चांगुणाची आई सरजाबाई होती. अर्जुनरावांनी हाताला लागली ती थैली उचलली. हलकी होती. पोरांनी वाळू भरतानाही आळस केलेला दिसत होता. सरजाबाई गडबडीनं उठली.

"बाई, मैदानात यायचं न्हाई," असं म्हणत त्यांनी तिला खाली बसवलं.

पायानंच ठोकून थैली त्यांनी जागेवर सपाट केली. सेकंड बेसवरून चांगुणा ओरडली, "सर, ती थैली..."

"रनरनं बोलायचं न्हाई. खेळ सुरू!"

पंच असताना ते कुणाचेच सर नव्हते. खरं तर मुखेडच्या शाळेत तिला हा खेळ त्यांनीच शिकवला होता. आज नांदेडचा सामना लातूरशी होता. लातूर नुकतंच जिल्हा झालेलं, त्यामुळं तोरा तर विचारूच नका. पहिल्याच वर्षी पुण्याला राज्य स्पर्धेत संघ पाठवायचा त्यांचा हट्ट. ते एका धावेनं पुढं होते. मात्र आधीच्या गुणांवर नांदेडला बरोबरीही पुरणार होती. पुण्याला खेळल्याचा दाखला मिळाला की चांगुणाला कॉलेजात वसतिगृहासकट जागा मिळणार होती. नाहीतर आईशेजारी बसून खडी फोडायची. अर्जुनरावांना हे ठाऊक होतं, म्हणूनच ते आज जास्त कडक वागत होते.

दोन गडी आउट होते. चेंडू लांब गेला आणि चांगुणा सुटली. थर्डपाशी तिनं उडी टाकून थैली ओलांडली आणि थेट होम गाठून धाव पुरी केली. फटका मारणारी पोरगी त्यानंतर सेकंडला आउट झाली आणि डाव संपला, पण बरोबरी झाली होती. नांदेडकरांनी टोप्या उडवल्या.

धाव मोजायला प्रत्येक थैलीला पाय लागावा लागतो, आणि थर्डला तिचा पाय लागला नव्हता. अर्जुनरावांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण समोरच्या संघानं अपील केल्याशिवाय पंचानं ब्र काढायचा नाही, असा नियम. लातूरकर मैदान सोडून गेले की धाव पक्की. अर्जुनराव मिठाची गुळणी धरून उभे राहिले. जा पोरींनो, जा एकदाच्या, असं त्यांचं मन म्हणत होतं. असं मनात यावं याची त्यांना लाजही वाटली.

लातूरच्या पोरी निघाल्याही. तेवढ्यात त्यांचे गुरुबसप्पा मास्तर वळले.

"पंचसाहेब, अपील हाय. थर्डला पाय लागला का तिचा?"

"न्हाई लागला," अर्जुनराव म्हणाले. "आउट."

हातातोंडाशी आलेला घास गेला. नांदेडकरांनी त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. राग आला तो चांगुणाचा.

"आंधळी हायस का गं? एवढी मोठी थैली दिसली न्हाई?"

"दिसली व्हती, सर."

"मग?"

चांगुणानं आईकडं बघितलं.

"जा मग, फोड खडी," ते बोलून गेले. बोलल्यावर जीभ चावली, पण शब्द सुटला होता.

मैदान रिकामं झालं. थैल्या गोळा करत अर्जुनराव थर्डकडं आले. सरजाबाई तिथं वाकलेली होती. तिनं थैलीवरची धूळ पदरानं पुसली आणि थैली उचलून काखेत घेतली.

"बाई, वाळूची थैली कुठं घेऊन चालल्या?"

"तुमची वाळू तिकडं बाभळीखाली हाय, साहेब. ही आमच्या हप्त्याच्या मजुरीची ज्वारी हाय. अन्नाला पाय कसा लावंल पोरगी?"