‘पण’ची बरणी

साठी उलटल्यावर दामूअण्णा टेलरांनी स्वतःला सुधारायला घेतलं, तेही एका शब्दापासून. तोंडून ‘पण’ निघाला की लोणच्याच्या रिकाम्या बरणीत एक बटण टाकायचं. पहिल्याच दिवशी बरणीचा तळ दिसेनासा झाला.

आज चौथा दिवस. चहाचा कप पुढ्यात ठेवता ठेवता त्यांची बायको यमुनाबाई म्हणाल्या, “मी म्हणते, नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकावं. बायकांची वेळ सकाळची आहे.”

हे त्या दर उन्हाळ्यात म्हणत. अण्णाही दर उन्हाळ्यात ‘पण या वयात?’ म्हणत आणि विषय तिथंच संपे. आत्ताही सवयीनं त्यांनी खिशातून बटण काढलं होतं. जिभेवर आलेला शब्द मात्र त्यांनी चहाच्या घोटाबरोबर गिळला.

“जा की,” ते म्हणाले. “उद्याच जा.”

पुढचं काहीतरी येईल म्हणून यमुनाबाई तशाच उभ्या राहिल्या. काहीच येईना, तेव्हा पदराचं टोक बोटाला गुंडाळत हळूच म्हणाल्या, “जाईन हो. पण मला पाण्याची भीती वाटते.”

अण्णांनी हातातलं बटण त्यांच्यापुढे सरकवलं.